चारशे बारा वेळा

"चारशे बारा," प्रफुल्ल साहेब म्हणाले.

लॅपटॉप माझ्या सीटवर ठेवला होता. त्याची एक वायर स्टिअरिंगच्या खाली घुसवली होती आणि साहेब केबिनच्या पायरीवर उभे राहून पडद्यावर बोट सरकवत होते. पुण्याहून कंपनीनं पाठवलेले वॉरंटीचे इंजिनिअर. वय तिशीचं, कडक इस्त्रीचा शर्ट. चिल्हार रोडवरच्या त्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांचे कपडे ऑइलनं काळे, एकटे साहेबच तेवढे पांढरे.

"काय चारशे बारा?" मेहुल शेठनं विचारलं. शेठ म्हणजे आमच्या सहा गाड्यांचे मालक.

"चार महिन्यांत गाडीनं चारशे बारा वेळा काजळी जाळायला मागितली. चारशे बारा वेळा कुणीतरी नको म्हटलं."

कुणीतरी! गाडीत बसणारा मी एकटा. काहीतरी करायला हवं म्हणून मी वाकून टायरला हात लावला, हवा बघतोय असं दाखवत. इंजिन उघडून पडलेल्या गाडीची हवा कोण बघतं? पण त्या वेळी तेवढंच सुचलं.

"सांगळे, गाडी तुम्हीच चालवता ना?" साहेबांनी वरून विचारलं.

"व्हय साहेब. झुंबर गेणू सांगळे. चार महिने झाले."

"ठीक. खाली बोलू."

आता ही काजळीची भानगड सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझी जुनी गाडी काळा धूर सोडायची. सोडला की मोकळी. नव्या गाड्यांचं तसं नाही. त्यांच्या सायलेन्सरमध्ये फिल्टर असतो, धुरातली काजळी त्यात अडकते. फिल्टर भरत आला की गाडी आपल्या मनानं सायलेन्सर तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. त्याला रीजन म्हणतात. ट्रेनिंगला आम्हाला व्हिडिओ दाखवला होता. त्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, तापमान सहाशे डिग्रीपर्यंत जातं. त्यापुढचं मी काही ऐकलं नाही. सर्टिफिकेट मात्र मिळालं, फोटोसकट.

रीजन थांबवायला डॅशबोर्डवर एक बटण असतं. ते आमच्यासारख्यांसाठीच दिलेलं. तारापूरच्या एमआयडीसीत सॉल्व्हंटच्या, म्हणजे भुर्रकन पेटणाऱ्या केमिकलच्या, कुठल्याही कंपनीत जा, गेटवर वॉचमन आधी केबिनमध्ये डोकं घालतो आणि बटणावरचा लाल दिवा लागलाय का बघतो. लागला असेल तरच आत. आत यार्डात कुणाचा सायलेन्सर तापून चालत नाही. माल भरून बाहेर पडलं आणि हायवेला लागलं की बटण सोडायचं. सगळे ड्रायव्हर असंच करतात. गेटच्या अलीकडे दाबायचं, पुढं गेल्यावर सोडायचं.

मी सोडत नव्हतो. कसं सोडणार? भरलेली गाडी निघाली की पाठीमागं ऐंशी ड्रम सॉल्व्हंट. त्यांच्या बुडाखाली सहाशे डिग्री? नको रे बाबा! माल उतरवून परत फिरलो की मागं रिकामे ड्रम. लोकांना वाटतं, रिकामा म्हणजे धोका संपला. अहो, भरलेला ड्रम जळतो, रिकामा फुटतो. आत सॉल्व्हंटचा वास कोंडलेला असतो आणि तो वासच पेट घेतो. हे मला कुठल्या व्हिडिओतल्या बाईनं शिकवलेलं नाही. म्हणजे भरलेली असताना नको, रिकामी असताना तर नकोच. मग बटण सोडायचं कधी?

एकदा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू? चिल्हार रोडला एका मोकळ्या माळावर गाडी लावली, बटण सोडलं, रीजन चालू केलं आणि उतरून लांब जाऊन उभा राहिलो. इंजिनाचा आवाज आपोआप चढायला लागला. आत कुणी नाही आणि गाडी ओरडतेय. चाळीस मिनिटं थांबायचं असतं. मी चार मिनिटं थांबलो. कानात माझ्या दोस्ताचा, मारुतीचा, आवाज यायला लागला. धावत जाऊन चावी फिरवली. त्यानंतर ते बटण दाबलं ते दाबलंच.

मध्ये सर्व्हिसिंगला आणली होती गाडी, याच वर्कशॉपात. भिकानं ती सर्व्हिस केली. वाणगावच्या पुढच्या पाड्यावरचा वारली पोरगा. पोरगा कसला, दोन लेकरांचा बाप आहे, पण मला तो पोरगाच वाटतो. दुपारी त्यानं डबा उघडला आणि न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. तांदळाची, मऊसूत.

"भागीनं केली," तो म्हणाला. भागी त्याची बायको. "काका, यो बटन दाबून नका ठेवू. काजली भरंल. टर्बो जाईल."

"सोडतो की," मी म्हणालो.

त्यानं स्वतः ते दोनचार वेळा दाबून सोडून बघितलं, लाल दिवा विझलेला मला दाखवला आणि कार्डावर सही केली. मी वर्कशॉपातून गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर बटण परत दाबलं. खाल्ल्या भाकरीची तरी लाज बाळगायची होती. नाही बाळगली.

मग व्हायचं ते झालं. गेल्या सोमवारी भरलेली गाडी घेऊन चाललो होतो. सकाळपासूनच ती उचलत नव्हती. तिसऱ्या गिअरमध्ये रडत होती. मग शिटी वाजल्यासारखा आवाज आला, ढगासारखा धूर आला आणि गाडी जाग्यावर बसली. मी चाकाला दगड लावले, एवढं नोकरीला इमान राखलं, आणि जो पळत सुटलो तो भाताच्या तीन खाचरांच्या पल्याड जाऊन थांबलो. टो करणारा आला तेव्हा मी तिथंच चिखलात उभा होतो.

"काका, इतक्या लांब काय करताय?" त्यानं विचारलं.

"नेटवर्क शोधत होतो," मी म्हणालो.

हसा, हसा. मलाही आता हसू येतं. तेव्हा माझी पँट ओली होती, आणि ती चिखलानं नाही.

प्रफुल्ल साहेब खाली उतरले आणि हात पुसत म्हणाले, "हे बघा. फिल्टर पूर्ण बंद झालाय. ऑइलमध्ये काजळी उतरली, टर्बो गेला, इंजिनाचे बेअरिंग गेले. बावीस महिने झालेत, गाडी वॉरंटीत आहे. पण ड्रायव्हरनं मुद्दाम बटण दाबून ठेवलं असेल, तर कंपनी काहीच देणार नाही. बटण खराब असेल, अडकत असेल, तर गोष्ट वेगळी. मग सगळं कंपनीकडून. ड्रायव्हरचा जबाब घ्यावा लागेल मला. पाच मिनिटांत ऑफिसमध्ये या."

ते ऑफिसमध्ये गेले. शेठनं मला खांद्याला धरून बॅटऱ्यांच्या रॅकमागं नेलं.

"काका, ऐकलं ना काय बोलला तो? बटण अटकत होतं. तुम्ही सोडत होता, ते सुटत नव्हतं. एवढंच बोला. बस."

"आणि न्हाई बोललो तर?"

"असं काय करता? पप्पा तुम्हाला किती मानतात! अजून सगळ्यांना सांगतात, आपला झुंबर म्हणजे वाघ आहे, जळत्या यार्डातून भरलेली गाडी काढली त्यानं."

झालं. निघालंच ते. अकरा वर्षं ही गोष्ट माझ्या मागं आहे. नवा कुणी ड्रायव्हर कामाला लागला की त्याला ती सांगतात. मोठ्या शेठनं तेव्हा सगळ्यांसमोर शाल घातली होती, नारळ दिला होता. फोटो ऑफिसात लावलाय. त्या फोटोत मी मान खाली घालून उभा आहे. लोक म्हणतात, बघा किती नम्र माणूस.

मी मान हलवली. खरं सांगतो, मी बोलणारच होतो तसं. बटण अटकत होतं. तीन शब्द. माझी गाडी राहिली असती, माझा वाघ राहिला असता. बेजबाबदार ड्रायव्हरला या लाइनीत दुसरा शेठ मिळतो. पण झुंबर आगीला भितो, हे एकदा फुटलं की केमिकलच्या लाइनीत मला कुणी दारात उभं करणार नाही. बावन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करू? मला दुसरं येतंय काय?

ऑफिसात गेलो तर भिका आधीच तिथं उभा होता. हातातल्या चिंधीनं बोटं पुसत होता. बोटं केव्हाच स्वच्छ झाली असावीत, तरी पुसतच होता. टेबलावर मागच्या सर्व्हिसचं जॉबकार्ड होतं.

साहेबांनी ते वाचून दाखवलं. "रीजनचं बटण तपासलं, ठीक. सही, भिका जिवल्या धोडी. काय रे, तपासलं होतंस का नुसतीच टिक मारलीस?"

"तपासला होता साहेब. चालत होता."

"कारण आता जर हे म्हणाले की बटण अडकत होतं, तर तू खोटी सही केलीस असं होतं. मग माझे दोन रिपोर्ट जातील. एक गाडीचा, एक तुझा. परमनंट कधी झालास?"

"गेल्या दिवालीला."

साहेब काही दुष्ट नव्हते. कागद जसा आहे तसं बोलत होते. भिकानं हातातली चिंधी घडी करून खिशात ठेवली.

"काकांना इचारा ना साहेब," तो म्हणाला. "काका होते तवा तिथं. काका सांगतील."

आणि माझ्याकडे बघून तो चक्क हसला. आयला, या पोराला कळत कसं नाही! रॅकमागं शेठ मला काय शिकवून गेला हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. काका आहेत म्हणजे आता आपलं काम झालं, असं त्याचं तोंड होतं.

"बोला सांगळे," साहेब म्हणाले. बोटं कीबोर्डवर.

शेठ दाराला टेकून उभे होते, त्यांनी घसा खाकरला. बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं आणि प्रत्येक ठोक्याला मी दचकत होतो.

"बटन चांगलं हाय," मी म्हणालो. "मीच दाबून ठिवलं."

"काका!" शेठ म्हणाले.

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "विसरत होता का? होतं असं. गेटवर दाबलं, मग राहून गेलं."

माणूस बरा होता. मला पळायला वाट करून देत होता.

"चारशे बारा येळा कोण इसरतंय साहेब?"

"मग का दाबलंत?"

"भ्या वाटतं."

"कशाचं?"

"आगीचं. दुसरं कशाचं?"

मेहुल शेठ मोठ्यानं हसले. "साहेब, मजाक करतायत. हे कोण माहितीये तुम्हाला? जळत्या यार्डातून..."

"तुमी थांबा शेठ," मी म्हणालो. शेठला आजवर कधी असं बोललो नव्हतो. "कुणी न्हाई काढली गाडी. मी पळालो."

आणि मग मी ते सांगितलं. उभ्याउभ्या, त्या तिघांना, जे माझ्या बायकोला, सोजरलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. ती कंपनी आता नाही, नाव घेऊन काय करायचं? यार्डात दोन गाड्या. पुढं माझी, मागं मारुतीची. मारुती आमच्या आष्टीकडचा. एकाच बैलगाडीतून शाळेला गेलेलो आम्ही, आणि इथं सरावलीत एकाच खोलीत राहायचो. तेव्हा हे फिल्टर वगैरे नव्हते. सायलेन्सरच्या तोंडाला ठिणगी अडवायची जाळी लावायची, मगच यार्डात इंजिन चालू करायचं. जाळ्या वॉचमनकडे असायच्या. त्या दिवशी त्याच्याकडे एकच होती. माझ्यात माल भरलेला, म्हणून ती माझ्या गाडीला लावली.

"झुंब्या, आन मला रं?" मारुतीनं केबिनमधून विचारलं.

"तुझं रिकामं हाय की," मी म्हणालो. "रिकाम्याला कशाला पायजे जाळी?"

हे मी म्हणालो. वॉचमन नाही, मारुती नाही. मी.

त्यानं स्टार्टर मारला. पुढचा आवाज मी अजून ऐकतो, तो सांगता येत नाही. मी इतकंच केलं, गिअर टाकला आणि अॅक्सिलेटर दाबला. समोरचं गेट तोडून गाडी बाहेर गेली. भरलेली गाडी बाहेर गेली म्हणून बाकीचं यार्ड वाचलं म्हणतात, असेल खरं. पण मी काही यार्ड वाचवायला गेलो नव्हतो. पायी पळालो असतो तर भित्रा ठरलो असतो, गाडीसकट पळालो म्हणून शूर ठरलो. मारुतीच्या केबिनचं दार माझ्या डाव्या आरशात दिसलं असतं. ते उघडत होतं का, तो हात हलवत होता का, हाक मारत होता का, मला माहीत नाही. मी आरशात बघितलंच नाही. कितीही वर्षं गाडी चालवा, ड्रायव्हर आधी आरसा बघतो. मी त्या दिवशी बघितला नाही.

"तवापासून भ्या वाटतं," मी म्हणालो. "गाडी तापली की वाटतं. सोजरनं गॅस पेटवला तरी वाटतं. ल्हा साहेब, काय ल्हायचं ते."

पत्र्यावरची हातोडी केव्हाच थांबली होती. साहेब पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी लॅपटॉप जरासा माझ्याकडे वळवला, जणू माझी परवानगी मागत होते.

"इथं कारणांची यादी असते," ते म्हणाले. "त्यातूनच एक निवडावं लागतं. निष्काळजीपणा. प्रशिक्षणाचा अभाव. गैरवापर. भीती असं काही नाहीये त्यात."

"मग?"

"इतर," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

वॉरंटी गेली. भिकाचा रिपोर्ट गेला नाही. शेठनं माझ्यासमोर हात पसरला. "काका, चावी," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, रागानं की कशानं कोण जाणे. पोरगा वाईट नाही. त्याच्या लहानपणी मी त्याला बॉनेटवर बसवून फिरवलंय. मी खिशातून चावी काढून दिली आणि बाहेर आलो. भिका माझ्या मागं दारापर्यंत आला.

सरावलीच्या चाळीत पोचलो तेव्हा सोजर भाजी निवडत होती. इतक्या लवकर मला दारात बघून तिनं ताट बाजूला सारलं.

"गाडी गेली," मी म्हणालो. आणि तिलाही सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. मारुतीचं ऐकताना तिनं पदर तोंडाला लावला. मारुतीला ती दादा म्हणायची, दर भाऊबीजेला ओवाळायची. मला वाटलं, आता ही मला काय काय बोलते. बोलली असती तरी चाललं असतं.

ती म्हणाली, "तुमी भिताय ते मला ठाव हुतं."

"कसं?"

"मी गॅस पेटवायला उठले की तुमी दारात जाता. बिडी वडून येतो म्हंता."

"मग?"

"अकरा वर्षं झाली, एक डाव तरी तुमच्या अंगाला बिडीचा वास आला का?"

बिडी मी मारुती गेला त्याच आठवड्यात सोडली होती. काडी ओढायची हिंमतच राहिली नव्हती. आणि ही बाई रोज दोन वेळा माझं ते नाटक बघत होती, आणि चहा झाला की हाक मारून मला आत बोलवत होती. मला रडू आलं. लपवायला आता काही राहिलंच नव्हतं, म्हणून तिथंच बसून रडलो.

बारा दिवसांनी वर्कशॉपातून फोन आला. गाडी तयार झालीय, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर येणार, केबिनमधलं सामान घेऊन जा. सामान म्हणजे काय? एक गोधडी, पाण्याची बाटली, खंडोबाचा फोटो, चप्पल.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेलो. मागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी होती. नवा टर्बो, नवा फिल्टर, धुऊन पुसून लख्ख. मागचा हौदा रिकामा, एकही ड्रम नाही. भिका केबिनमध्ये बसला होता. त्यानं माझं सामान आधीच एका पिशवीत भरून ठेवलं होतं, गोधडीची नीट घडी घालून.

"काका, तुमी पिशी घ्या नि जावा," तो म्हणाला. "आता रीजन करायचा हाय. टेस्टिंगचा."

"एकटाच?"

"जोडीदार जेवाया गेला. शेठला चारला गाडी पायजे."

तिथला नियम मला माहीत होता. एकानं केबिनमध्ये बसायचं, दुसऱ्यानं मागं वाळूची बादली घेऊन उभं राहायचं. बादली भिंतीशी ठेवलेली होती, लाल रंगाची.

"मग थांब की तो येईस्तवर."

"टाइम नाय काका. काय होतं? रिकामी गाडी हाय."

रिकामी गाडी आहे. मी पिशवी उचलली आणि गेटकडे चालायला लागलो. खरंच चालायला लागलो, मी काही मोठा माणूस नाही. माझ्या मागं इंजिन सुरू झालं. साधा आवाज होता तोवर मी चालत राहिलो. मग तो आपोआप चढायला लागला, तसाच, त्या माळावर चढला होता तसा. माझे पाय जड झाले. गेट दहा पावलांवर होतं. गेटबाहेर रिक्षा होती, सरावलीला जायला वीस मिनिटं.

मी वळलो. का वळलो ते विचारू नका. मला तेव्हाही भीती वाटत होती, आत्ता सांगतानाही वाटतेय. पिशवी गेटच्या खांबाला टेकवून ठेवली आणि माघारी आलो. बादली उचलली. वाळू ओली होती, जड होती. गाडीच्या मागं सायलेन्सरपासून पंधरा पावलांवर जाऊन उभा राहिलो. गरम हवेचा झोत तोंडावर येत होता आणि त्यातून पलीकडची भिंत हलताना दिसत होती. कानात मारुती बोलायला लागला. रिकामी गाडी, एकही ड्रम नाही, हे डोक्याला कळत होतं. पायांना कोण सांगणार? ते थरथरत होते आणि मी त्यांना थरथरू दिलं.

चार मिनिटं गेली. मी मोबाइलवर बघितलं. मग पाच. सात. आयुष्यात इतका वेळ मी कधी तिथं थांबलो नव्हतो.

केबिनच्या खिडकीतून भिकाचा हात बाहेर आला, मग डोकं. इंजिनाच्या आवाजावर तो ओरडला.

"काका! तुमी गेला नाय?"

"न्हाई!"

"दिसत नाय तुमी! डावीकडं या जरा!"

डावीकडं म्हणजे सायलेन्सरच्या अजून जवळ. मी बादली सावरली आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. त्याच्या डाव्या बाजूचा आरसा हळूहळू माझ्याकडे वळत आला, आधी त्यात भिंत होती, मग आभाळ, मग त्यात भिकाचं तोंड दिसलं आणि त्याचे डोळे माझ्यावर येऊन थांबले.

"हां! आता दिसता!" तो ओरडला. "तिथंच ऱ्हावा!"

अजून एकतीस मिनिटं होती. बादलीची कडी दोन्ही हातांनी धरून मी तिथंच उभा राहिलो.